वास जातो, पण रॉड काढू नका!

गरम पाण्याचा नळ सोडला की सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो, असं कुणी म्हटलं की दोन सल्ले ठरलेले. ‘नवा गिझर घ्या’, नाहीतर ‘आतला रॉड काढून टाका’. पहिला खर्चिक. दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो लागू पडतो! वास खरंच जातो आणि मेकॅनिक हुशार ठरतो.

आधी थंड पाणी ग्लासात घेऊन हुंगा. त्यालाही वास असेल तर गिझर बिचारा निर्दोष. दोष पाणी येतं तिथेच शोधा.

फक्त गरम पाण्यालाच वास असेल तर मामला टाकीतला. आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीचं पोलाद गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, वादळात आधी कोसळणाऱ्या कुंपणासारखा. झिजताना हायड्रोजन सुटतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना हे आयतं खाद्य मिळतं आणि ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. नाकाला हा वायू अत्यल्प प्रमाणातही कळतो, त्यामुळे घरात तो बहुतेक वेळा घातक नसतो, नकोसा मात्र नक्की असतो. रॉड काढला की वास थांबतो, आणि गंज टाकीकडे वळतो. अनेकदा वॉरंटीही जाते.

वीज वाचवायला थर्मोस्टॅट कोमट ठेवणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. कोमट, साचलेलं पाणी जिवाणूंना मानवतं, त्यात लिजिओनेलासारखे खरोखर आजारी पाडणारेही आले. टाकीत 60 अंश सेल्सिअस हवेतच. अर्थात एवढं पाणी काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर गरम पाण्यात थंड पाणी मिसळून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवाच.

वास बसलाच असेल तर वीज बंद करून टाकी रिकामी करायची, गाळ काढायचा, जाणकाराकडून क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन घ्यायची. टाकी पुन्हा भरेपर्यंत बटण दाबायचं नाही, नाहीतर हीटिंग एलिमेंट जळतं. नुसतं धुऊन भागलं नाही तर मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड घ्या. विजेवर चालणारा ॲनोडही मिळतो, पण त्याला सतत वीज लागते. गिझर बटणावरून बंद ठेवणाऱ्या घरात तो शोभेचाच.

आणि हो, गिझर बरेच दिवस वापरात नसेल तर टाकीत हायड्रोजन साठू शकतो. पहिल्यांदा गरम पाण्याचा नळ सोडताना खिडकी उघडा, जवळपास काडी पेटवू नका.