शंका आली म्हणजे विश्वास गेला का?

विश्वासावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'खऱ्या ख्रिस्ती माणसाच्या मनात शंका येत नाही' हे वाक्य काही पटलं नाही. मग येशूचा शिष्य थोमा, त्याचं काय करायचं? येशू मेलेल्यातून उठला हे त्याच्या जखमांच्या खुणा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तरी प्रभूनं त्याला हाकलून दिलं नाही. आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातला आजारी पोराचा बाप तर एका दमात सांगतो की विश्वास आहे, आणि लगेच अविश्वास घालवायला मदतही मागतो. मला ती प्रार्थना सगळ्यात प्रामाणिक वाटते.

बायबलच्या नव्या करारात विश्वासासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'पिस्तिस'. त्यात नुसतं खरं मानणं नाही, भरवसा आणि इमानही आलं. दुकानदार उधारीच्या वहीवर ठेवतो तसला भरवसा म्हणा हवं तर.

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरची पंचगंगा नदी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं. आई स्तोत्र म्हणत म्हणत धान्याचे डबे माळ्यावर चढवत होती. मी चिडून विचारलं, देव राखणार आहे तर डबे कशाला? म्हणाली, "अरे, हात त्यानंच दिलेत की! धर हा डबा." कृतीवाचून विश्वास मेलेला, हे बायबलमधलं याकोबाचं म्हणणं संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, कळलं त्या दिवशी. पाणी ओसरल्यावर तिनं शेजारच्या काकूंच्या घरातला चिखल आधी काढायला लावला, आमचा नंतर. मला तर रागच आला होता.