वीस मिनिटं हात लावायचा नाही

मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात इंटर्नला आधी काय शिकवत असतील, तर पळायला. रक्त काढ, पळ. रिपोर्ट आण, पळ. रिपोर्ट हरवला? मग परत रक्त काढ आणि आणखी जोरात पळ. या पळापळीतच इंटर्नशिपची १२ आठवड्यांची पीएसएम, म्हणजे समाजवैद्यकाची, पोस्टिंग येते, तिच्यातले काही आठवडे एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला जातात, आणि तिथं गेल्यावर ध्यानात येतं की इथला सगळा अभ्यासक्रम उलटा आहे. इथं बसायचं असतं. घड्याळ लावून, हात मांडीवर ठेवून, समोरची वस्तू न हलवता.

पोस्टिंग कोकणात लागली म्हटल्यावर घाटावरची मित्रमंडळी जळतात. समुद्र, मासे, आंबे! समुद्र केंद्रापासून दहा-बारा किलोमीटरवर असतो आणि सुट्टीच्या दिवशी नेमकी त्या बाजूची एसटी नसते. आंबे पोस्टिंगच्या आधीच संपलेले असतात. माशांबद्दल तक्रार नाही.

या बसण्याची खरी परीक्षा पावसाच्या तोंडावर सुरू होते. तिन्हीसांजेला रिक्षा येऊन थांबते, चौघं उतरतात, पाचव्याला उचलून आणतात आणि एकच वाक्य सांगतात, "पायाक जनावर चावला." घाटावरचा इंटर्न तत्परतेने केसपेपरवर 'प्राणीदंश' लिहितो आणि रेबीजची लस शोधायला फ्रिजकडे धावतो. पाठीमागून सिस्टरचा थंड आवाज येतो, "डॉक्टर, साप." कोकणात तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत. तो जनावर असतो, आणि चावला असं म्हणायचं नसेल तर 'पान लागलं' म्हणतात. पीएसएमच्या जाडजूड पुस्तकाच्या सूचीत यातला एकही शब्द सापडणार नाही.

मग ती प्रसिद्ध चाचणी. घोणस आणि फुरसं या दोघांचं विष रक्तातला गोठण्याचा माल वापरून संपवतं, त्यामुळे रक्त पातळच राहतं. ते तपासायला लॅब लागत नाही. शिरेतून काढलेलं २ मिली ताजं रक्त, एक नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी आणि २० मिनिटं. नळी स्टँडमध्ये उभी ठेवायची, हात लावायचा नाही, २० मिनिटं पुरी झाली की एकदाच तिरकी करायची. गुठळी जागेवर राहिली तर बरं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर सर्पविषरोधक लस सुरू. इतकी सोपी चाचणी कॉलेजच्या पाचमजली इमारतीत कुणी करत नाही, कारण तिथं २० मिनिटं एका जागी राहणारा माणूसच नसतो.

सोपी आहे म्हणून ती चुकत नाही असं मात्र नाही. पहिली अडचण काचेची. केंद्रात नळ्या भरपूर, पण सगळ्या प्लास्टिकच्या. काचेचा पृष्ठभाग रक्ताला गोठायला चालना देतो, प्लास्टिक देत नाही. दुसरी अडचण स्वच्छतेची. कुणीतरी चांगल्या मनाने काचेची नळी साबणाच्या पावडरीने घासून लख्ख करून ठेवलेली असते. डिटर्जंटने धुतलेल्या काचेत धडधाकट माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. तिसरी चूक खास नवशिक्यांची. जांभळ्या टोपणाची नळी हाताला लागते म्हणून तिच्यात रक्त भरायचं. तिच्यात ईडीटीए असतं, आणि ते रक्त गोठू नये म्हणूनच घातलेलं असतं. त्या नळीपुढे २० मिनिटं काय, पुढच्या चतुर्थीपर्यंत बसलात तरी निकाल एकच. शंका आली तर दुसऱ्या नळीत निरोगी माणसाचं रक्त ठेवून ताडून पाहायचं असतं. आठवड्याभरात कळतं की केंद्रातला तो सदैव उपलब्ध निरोगी माणूस म्हणजे इंटर्न.

चौथी अडचण माणसांची. तिसऱ्या मिनिटाला नातेवाईक विचारतो, "गोठला काय?" सहाव्याला, "जरा हलवन बघा मगे." दहाव्याला टेबलाशेजारून झाडू मारत शिपाई येतो. बाराव्याला सरपंचांचा फोन. नळी मध्येच तिरकी केली की गुठळी बनता बनता मोडते आणि निकालावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून इंटर्नचं खरं काम नळी राखणं. हातात काठी नसलेला राखणदार.

या राखणीत कोकण माणसाला गप्प बसू देत नाही. "डॉक्टरानू, खंयचे तुम्ही?" इथून चौकशी सुरू होते. गाव सांगितलं की तालुका, तालुका सांगितला की आडनाव. आडनाव घाटावरचं निघालं की जराशी निराशा, मग लगेच आशा: आजोळ तरी कोकणात असेल? वडील काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, लग्न ठरलंय का, नसेल तर का नाही. रुग्णाचा इतिहास कसा घ्यावा यावर कॉलेजात आम्ही पूर्ण सत्र घालवलं. त्याहून पद्धतशीर इतिहास सापाने चावलेला माणूस झोपल्या झोपल्या डॉक्टरचा घेतो. मला तर वाटतं, विद्यापीठाने ही प्रश्नावलीच अभ्यासक्रमात लावावी.

बोलता बोलता डोळे मात्र त्याच्या पापण्यांवर ठेवायचे. नाग आणि मण्यार रक्ताच्या वाटेला जात नाहीत, मज्जातंतूंवर जातात. नळीत सुंदर गुठळी झालेली असते आणि तिकडे पापण्या खाली येत असतात, बोलणं जड होत असतं. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवू नये, हे शिकवणाऱ्या सिस्टरचे पाय धरावेत. आणि पहिली नळी गोठली म्हणून सुटका नाही. तीन तास दर अर्ध्या तासाने तीच चाचणी, त्यानंतर तासातासाने. म्हणजे आणखी नळ्या, आणखी चौकशी.

रक्त गोठलं नाही तर लस. पहिला डोस १० बाटल्या. प्रत्येकीत पांढरी पूड, तिच्यात १० मिली निर्जंतुक पाणी. इथं सगळ्यांचे हात शिवशिवतात. बाटली खळाखळा हलवली की फेस होतो आणि फेसातलं औषध सिरिंजमध्ये येत नाही. ताक घुसळायचं नाही, दोन तळव्यांत धरून रवीशिवाय फिरवायचं. दहाव्या बाटलीपर्यंत मनगट बोलायला लागतं. मग ते सगळं सलाइनमधून साधारण तासाभरात, आणि रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनलिन ०.५ मिली आधीच भरून ठेवलेलं. मुलांनाही मोठ्यांचाच डोस, कारण साप समोरच्याचं वय बघून विष कमी सोडत नाही. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. काजूच्या बागेतला हिरवा चापडा तिच्या हिशेबात नाही. म्हणून कोणतं जनावर होतं हे कळलेलं बरं. पण त्यासाठी ते पिशवीत घालून आणू नये. 'मारलाय' म्हणून आणलेलं जनावर ओपीडीच्या टेबलावर अर्धवटच मेलेलं निघतं. मोबाइलवरचा फोटो पुरतो, तोही लांबून काढलेला.

विंचवाचंही तेच, फक्त घड्याळ वेगळं. लाल विंचू चावल्यावर जोरात ओरडणाऱ्याला न घाबरता गोळी-इंजेक्शन द्यावं. जो गप्प आहे, घामाने निथळतोय आणि हातपाय बर्फासारखे पडलेत, तो धोक्यात असतो. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी या विषावर उतारा म्हणून वापरायची रीत डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगडातल्या महाड परिसरात रूढ केली. रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून घेतलेल्या नोंदींवर ती उभी आहे आणि ती परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. गोळी वजनाच्या हिशेबाने, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, आणि दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. या काळात रुग्णाला उठून उभं राहू द्यायचं नाही, रक्तदाब कोसळतो. नेमका तेव्हाच त्याला बाहेर जाऊन यायचं असतं.

लसीकरणाच्या दिवशी वाट बघणं पहाटेपासून. डीप फ्रीझरमधले बर्फाचे पॅक काढले की थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये ठोसायचे नाहीत. टेबलावर पसरून ठेवायचे, बाहेरून घाम सुटेपर्यंत, आणि कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत. कडक गोठलेले पॅक घातले तर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठतात आणि गोठलेली लस टोचून उपयोग नाही. इंटर्नची सगळी भीती लस गरम होण्याची असते. ती थंडीनेही मरते हे पटायला वेळ लागतो. तोवर उपकेंद्राची सिस्टर दारात छत्री घेऊन उभी, खाडीवरची होडी सुटायची वेळ झालेली, आणि आपण आइसपॅक कानाला लावून शंखातला समुद्र ऐकावा तसे डोळे मिटून.

अंगणवाडीत पोचलं की नवा हिशेब. बीसीजी (क्षयाची लस) आणि एमआरची (गोवर-रुबेलाची) बाटली विरघळवली की चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची. म्हणून बाळं जमेपर्यंत बाटली उघडायची नाही, आणि बाळं एकेक करून, भाकऱ्या टाकून झाल्यावर, सावकाश येतात. टोचून झालं की अर्धा तास थांबायला सांगायचं. थांबतात. बीसीजी दिलेल्या बाळाची आजी दंडावरचा मसुरीएवढा फुगवटा निरखून विचारते, "ह्या बसतला मा?" बसतो, आजी. मग दोन-तीन आठवड्यांनी परत उठतो, चिघळतो, वण पडतो, आणि त्यावर हळद, चुना, पाला काहीही लावायचं नाही. हे शेवटचं वाक्य तीनदा सांगायचं.

आणि विहीर! तिच्यात ब्लीचिंग पावडर किती घालायची ते सांगणारं हॉरॉक्सचं यंत्र परीक्षेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, काचेच्या कपाटात. सहा पांढरे कप, एक काळा, दोन चमचे, काचेच्या काड्या. विहिरीच्या कठड्यावर ते मांडलं की सत्यनारायणाची पूजा वाटते आणि दोन-तीन म्हाताऱ्या येऊन बसतातही. काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे २ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाण्यात कालवून खुणेपर्यंत भरायची. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी, त्यात काळ्यातली निवळ अनुक्रमे एक, दोन, तीन अशी सहा थेंबांपर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं (आडनाव, तालुका, आजोळ). मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. पहिला ठळक निळा कप तिसरा असेल, तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. ४५५ हा विचित्र आकडा म्हणजे इंग्रजांचे १०० गॅलन. साहेब गेला, त्याचं माप विहिरीवर राहिलं.

पुढे गणित. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर खोल: सुमारे २८,२६० लिटर, म्हणजे साधारण ३७३ ग्रॅम पावडर. हे एकदा काढून भिंतीवर लिहून ठेवता येत नाही. मेमध्ये कळशीचा दोर अपुरा पडतो आणि जुलैत त्याच विहिरीतून वाकून तांब्या भरता येतो. पावडरही तशीच. ताजी असताना क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास, आणि कोकणच्या दमट हवेत उघड्या पिशवीत ठेवली की आठवड्याभरात तिचा चुन्याचा गोळा. जी पावडर विहिरीत घालायची तीच कपात घ्यायची, हे यासाठीच.

बादलीत एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. ढवळून पाच-दहा मिनिटं निवळू द्यायचं, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते विहिरीत खोल सोडून हेलकावायचं. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. मग पुरा एक तास पाणी काढायचं नाही. त्यासाठी रात्रीची वेळ चांगली, आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती पाळतो. तरी सकाळी तक्रार ठरलेली: "पावडर कमी घाला हां, सोलकढीक वास मारता."

लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधाची डॉक्सीसायक्लिन, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. उपाशीपोटी दिली की मळमळते आणि पुढच्या आठवड्याला आशाताईंना बघून लोक बांध बदलतात. म्हणून पेजेची वेळ गाठायची. पेज आणि सुका बांगडा पोटात गेला की गोळी, भरपूर पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. लावणी करणाऱ्या बाईला 'आडव्या होऊ नका' सांगितल्यावर ती ज्या नजरेने बघते, ती सोसायला शिकावी लागते.

इतकं सगळं थांबायचं अंगवळणी पडल्यावर ओटी टेस्ट येते, पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायची. एक मिली पाण्यात ऑर्थोटोलिडिन ०.१ मिली आणि पिवळा रंग १० सेकंदांच्या आत वाचायचा, तरच मोकळं क्लोरीन कळतं. उशिरा बघितलं तर जोडलेलं क्लोरीनही रंग चढवतं. शिवाय पाण्यातलं लोहसुद्धा पिवळं दाखवू शकतं, आणि आपण लोहाने तांबड्या झालेल्या जांभ्याच्या मुलखात उभे. एव्हाना इंटर्नला पाचव्या सेकंदाला म्हातारीकडे वळून हसायची सवय लागलेली असते. पंधराव्या सेकंदाला नळी पिवळीधमक. परत घ्यावी लागते.

तिकडे केंद्रातल्या खाटेवर सापावरची लस चढून झालेली असते. पुढची नळी आता सहा तासांनी, कारण विष उतरलं तरी यकृताला गोठण्याचा माल नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. घाई करून दोन तासांनी बघितलं तर रक्त पातळच दिसणार आणि उगाच दहा बाटल्या आणखी फुटणार. रात्रीचे साडेनऊ. पहाटे साडेतीनचा गजर लावून स्टुलावर बसायचं. खाटेवरून आवाज येतो, आता जरा तरतरीत, "डॉक्टरानू, आजोळ खंय म्हणालात?"