‘जुने बोळ सगळे सारखेच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून सवडीनं उत्तर देते. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: ‘व्हिक्टोरियन लंडनची झोपडपट्टी, 1850’ अशा ओळीसह फिरणारा एक फोटो लंडनचाही नाही आणि 1850 चाही नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सॉल्टमार्केट रस्त्यावरच्या 46 नंबरच्या क्लोजचा, म्हणजे घरांमधल्या अरुंद बोळाचा आहे. थॉमस अ‍ॅनन या छायाचित्रकारानं तो 1868 ते 1871 या काळात काढला, आणि फिरणारी प्रत त्यानंतरच्या छपाईतली दिसते. यावर तुमचं म्हणणं असं: जुने बोळ सगळे सारखेच दिसतात, मग इतक्या खात्रीनं कसं सांगता? दहा-वीस वर्षं इकडची तिकडे झाली तर काय बिघडलं? आणि समोर उपाशी माणसं उभी असताना तुम्ही भिंती न्याहाळत बसलात. हा तिसरा आक्षेप मला खरोखर लागला. त्याच्याकडे येतेच, पण वाट पहिल्या दोनांमधून जाते.

बोळ सारखे दिसत नाहीत. लंडनच्या गरीब वस्त्या बहुतेक विटांच्या, क्वचित लाकडी फळ्यांच्या. या फोटोतल्या उंच भिंती घडीव दगडाच्या आहेत, आणि जुनं ग्लासगो वालुकाश्मात बांधलेलं होतं. एवढ्यावरून ग्लासगोच ठरत नाही, एडिंबराही दगडीच आहे. पण लंडन मात्र बाद होतं.

पुढचं काम ताडून बघण्याचं. अ‍ॅनन यांच्या मूळ प्रती ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत आहेत, त्यांवर रस्त्याचं नाव आणि क्लोजचा नंबर आहे. फिरणारी प्रत शेजारी ठेवली की खिडक्यांमधली अंतरं जुळतात, भिंतींच्या कडा जुळतात. पण भिंती जुळल्या तर एवढंच कळतं की जागा एक आहे. त्याच जागी दहा वर्षांनी दुसरा कुणी कॅमेरा घेऊन उभा राहिला असेल. खरी खूण वर आहे, वाळत घातलेल्या कपड्यांत. कपडा पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच घड्या पडून, तसाच कधी लोंबत नाही. कपडे जुळले आणि खाली उभी असलेली माणसं जुळली, की दोन्ही प्रती एकाच काचेवरून, म्हणजे काचेच्या एकाच निगेटिव्हवरून, निघाल्या हे नक्की. इथे ते जुळतात.

तारखेचं काम जास्त किचकट. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्यानं ग्लासगोची मोजणी 1857-58 मध्ये केली आणि 1:500 प्रमाणाचे नकाशे काढले. म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर दोन मिलिमीटर. अशा नकाशात बोळाचं तोंड कुठे अरुंद होतं तेही दिसतं. याच प्रमाणाची पुढची मोजणी 1892-94 ची. पहिल्या नकाशात बोळ आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावर थांबलं तर हाती पस्तीस वर्षांचा पट्टा येतो. तो आवळायचा तर फोटो कुणी आणि कशासाठी काढून घेतला हे बघावं लागतं. 1866 च्या कायद्यानं ग्लासगोत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 88 एकर, सुमारे 50 हजार माणसं, आणि हा सगळा भाग पाडून नवे रस्ते काढायचे. पाडण्याआधी त्याची नोंद राहावी म्हणून ट्रस्टनं अ‍ॅनन यांना काम दिलं. ते 1868 मध्ये सुरू झालं आणि 1871 मध्ये 31 फोटोंचा संच तयार झाला. हा बोळ त्यात आहे, म्हणजे फोटो 1871 नंतरचा नाही, ही अलीकडची मर्यादा ठरली.

इथे एक सावधगिरी. पाडायच्या यादीत नाव आलं म्हणजे बोळ लगेच भुईसपाट झाला, असं धरून पुष्कळ जण तारखा लावतात. ते चूक आहे. 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, बांधकामाचा धंदा बसला, आणि पाडायला घेतलेल्या घरांचा मालक होऊन ट्रस्ट वर्षानुवर्षं भाडं घेत राहिला. स्वतः घरं बांधायला तो लागला 1880 चं दशक संपता संपता.

आता दुसरा प्रश्न, काय बिघडतं. एकाच काचेवरून वेगवेगळ्या काळात प्रती निघाल्या. छपाईची पद्धतही बदलत गेली: आधी अल्ब्युमेन, मग 1870 चं दशक सरता सरता कार्बन, आणि 1900 मध्ये फोटोग्रॅव्ह्यूर. तोवर अ‍ॅनन यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. मधल्या काळात काचांवर हात फिरवला गेला. मूळ फोटो वेट कोलोडियन पद्धतीचे. काचेला रसायन लावायचं आणि ती ओली असतानाच फोटो घेऊन धुवायचा. ही काच निळ्या प्रकाशाला फार लवकर भाळते, त्यामुळे अंधाऱ्या बोळातले दगड उमटेपर्यंत वरचं आकाश पार कोरं होऊन जातं. म्हणून अशा फोटोत छान ढग दिसले तर ते मागाहून भरलेले समजावेत. वाळत घातलेले कपडेही काही प्रतींत जास्त पांढरे केलेले आहेत. त्या ढगांवरून आणि त्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवरून कुणी ‘1868 चं ग्लासगो’ वर्णन करू लागला, तर तो नंतरच्या कारागिराचं काम वर्णन करतो आहे.

आणि इथेच तुमची उपाशी माणसं येतात. अंधाऱ्या बोळात काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. जो स्तब्ध उभा राहिला तो उमटला. जी बाई बादली घेऊन निघून गेली, जे पोर हललं, ते धुरासारखं राहिलं किंवा राहिलंच नाही. पहिल्या छपाईच्या प्रतीत तो धूर बघायला मिळतो. पुढच्या छपाईत कुणी तो पुसला किंवा रेखून काढला, तर ते माणूस दुसऱ्यांदा गेलं. कोणती प्रत समोर आहे हे विचारते ते या माणसासाठी विचारते.

शिवाय या फोटोंत माणसं थोडी आहेत. तेवढ्यावरून वस्ती विरळ होती असं वाटू शकतं. 1862 च्या पोलीस कायद्यानं ग्लासगोत लहान घरांच्या दारांवर बिल्ले लागले: खोली किती घनफूट, आत प्रौढ माणसं किती चालतील. माणशी 300 घनफूट, म्हणजे आठ फूट उंचीच्या खोलीत साधारण सहा फूट बाय सहा फूट जागा. जास्त माणसं सापडावीत म्हणून तपासनीस रात्री यायचे, आणि माणसं कपाटांत, छपरांवर लपायची. कॅमेरा गेला दिवसा, आणि राहिला बोळात. घरांच्या आत काय होतं ते या काचांवर नाही. फोटोखाली नुसतं ‘गरिबी, 1850’ लिहून दिलं, की हा कायदा, ते बिल्ले, त्या रात्रीच्या धाडी सगळं एका झटक्यात गळून जातं. 1850 मध्ये त्यांतलं काहीच नव्हतं.

‘आपल्याला याचं काय’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये मुंबईत जो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यानं नमुना घेतला तो ग्लासगोच्या ट्रस्टचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यानंच काढले, दाट वस्ती पाडून. त्या कामाच्या जुन्या फोटोंखालीही आज वाटेल ती सालं लिहिलेली असतात.

तुम्ही दुवा दिलेल्या पानावरची प्रत चारही बाजूंनी कापलेली आहे, म्हणून तिच्यावर नाव आणि नंबर दिसत नाही. पान चालवणाऱ्यांना मी ही ओळ कळवली आहे: ‘क्लोज क्र. 46, सॉल्टमार्केट, ग्लासगो. थॉमस अ‍ॅनन, 1868-71. ही प्रत नंतरच्या छपाईची.’ त्यांनी बदल केला की तुम्हाला इथेच सांगेन. आणि कडा शाबूत असलेली प्रत तुम्हाला कुठे मिळाली, तर जरूर पाठवा.