‘साइड व्हील लावलं की स्कूटर पडतच नाही’ म्हणे!

दिव्यांगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. पाठवणारे बहुतेक वेळा आपलेच भले चिंतणारे असतात, म्हणून कुणी वाद घालत नाही. मजकूर थोडाफार बदलतो, सार असं: ‘कोणतीही जुनी स्कूटर आणा, दोन तासांत साइड व्हील बसवून घेऊन जा. गाडी कधीच पडणार नाही. तोल सांभाळायचा नाही, त्यामुळे शिकायचंही काही नाही. मोठी, रुंद चाकं घेतलीत तर आणखी पक्की. आरटीओची कटकट नाही, लायसन्स नि इन्शुरन्स तेच चालतात. पार्ट कुठेही मिळतात.’ खाली जोडलेले हात आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

मी स्वतः साइड व्हीलवाली स्कूटर चालवतो. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात जोर नाही. त्यामुळे साइड व्हीलच्या विरोधात मी बोलणं शक्यच नाही. गिअरची भानगड नसलेली, सगळे कंट्रोल हातात असलेली स्कूटर आणि मागे दोन जादा चाकं, या जोडीने आमच्यापैकी कितीतरी जणांचं रिक्षासाठी ताटकळणं संपवलं. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि काही वाक्यं जिवावर बेतणारी आहेत.

‘गाडी कधीच पडणार नाही.’

उभी असताना नाही पडत. सिग्नलला पाय टेकवावा लागत नाही आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं हेच. प्रश्न वळणावर येतो. दोन चाकांची गाडी वळताना आत झुकते, म्हणून सावरते. आपली गाडी झुकू शकत नाही. वजन बाहेर फेकलं जातं आणि आतलं चाक हलकं होतं. पुढे एकच चाक असल्यामुळे गाडीचा पाया त्रिकोणी असतो, मागे रुंद आणि पुढे निमुळता. वळणात घाबरून पुढचा ब्रेक दाबला की वजन नेमकं त्या निमुळत्या टोकाकडे सरकतं.

आकडे घालून बघू. बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरा. माणसासकट गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांवर आहे असं धरा. तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे कॉलनीतल्या साध्या वळणावर, ताशी २६-२७ किलोमीटरला आतलं चाक जमीन सोडायला लागतं. टायर आणि शॉक दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं आधीच. रस्त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असेल तर त्याहून आधी. हाच वेग २० वर आणा, बाहेर फेकणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो-घटतो. म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. मेसेजमध्ये हे एवढं एक वाक्य असतं तरी मी तो पुढे पाठवला असता.

‘शिकायचंही काही नाही.’

उलट आहे. आधी कधी दुचाकी चालवली असेल तर जास्तच शिकावं लागतं, कारण जुनी सवय मोडायची असते. दुचाकीवर वेगात असताना आपण हँडल फिरवून वळत नाही, गाडी झुकवून वळतो. झुकवण्यासाठी हँडलला क्षणभर उलट्या बाजूचा हलका धक्का देतो, पण शरीराला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपल्याला पत्ताच नसतो. साइड व्हीलच्या गाडीला तसा धक्का दिला की गाडी सरळ त्या उलट्या बाजूला जाते. डावीकडे वळायला निघालेला नवखा उजवीकडच्या डिव्हायडरवर का जातो, याचं कारण हे. इथे हँडल वळायचं त्याच बाजूला फिरवायचं आणि अंग आत झोकायचं.

रस्ता डावीकडे उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. दुचाकीला ते जाणवत नाही. आपली गाडी रस्त्याबरोबर तिरकी होते आणि दिवसभर हँडल डावीकडे ओढते. खड्ड्याचंही तसंच. दुचाकीची एकच रेघ, ती खड्ड्याच्या कडेने निघून जाते. आपल्या तीन रेघा. पुढचं चाक चुकवलं तर बाजूचं सापडतं. हँडल दोन गाड्यांमधून सुटतं आणि मागचं चाक त्यांच्यात अडकतं. ही रुंदी डोळ्यात बसायला रिकाम्या मैदानावर आठाचा आकडा काढत बरेच दिवस घालवावे लागतात. शिवाय रिव्हर्स नाही. पाय मारून गाडी मागे घेता येत नाही म्हणून तर आपण साइड व्हील लावतो. तेव्हा उतारावर नाक भिंतीला लावून गाडी उभी केलीत तर कुणाला तरी हाक मारल्याशिवाय सुटका नाही.

‘कोणतीही जुनी स्कूटर, दोन तासांत.’

इथे जरा थांबू, कारण खरी गोम इथे आहे.

लोक तीनचाकी म्हणतात, पण बहुतेक किट, म्हणजे साइड व्हील आणि ती धरणारी फ्रेम, बसवल्यावर चाकं चार होतात. पुढे एक आणि मागे तीन, कारण स्कूटरचं मूळ मागचं चाक तसंच राहतं. इंजिनचा जोर त्याच मधल्या चाकावर आणि मागचा ब्रेकही त्याच चाकात. स्कूटरचं इंजिन, बेल्टचा डबा आणि मागचं चाक मिळून एकच जड युनिट असतं. ते पुढे पिव्होटवर, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यावर, झुलतं आणि मागे शॉकवर टेकतं. त्यामुळे साइड व्हीलची फ्रेम चासीला धरायची, इंजिनच्या ओतीव केसिंगला नव्हे, आणि बाजूच्या चाकांना त्यांचे स्वतःचे शॉक हवेत. दोन तासांतलं काम म्हणजे बहुधा एक आडवा पाइप, दोन टोकांना दोन चाकं आणि चासीला वेल्डिंग. शॉक नाहीत.

अशी गाडी स्पीडब्रेकरवर चढली की बाजूची चाकं अख्खी चासी उचलतात. मधलं चाक त्याच्या शॉकची लांबी संपेपर्यंत खाली येतं आणि मग लटकतं. लटकलेलं चाक ना ओढत, ना थांबवत. पेट्रोल पंपाच्या चढावर, पावसात, इंजिन किंचाळतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. उतारावर हेच ब्रेकच्या बाबतीत घडतं आणि ते बघायला कुणी थांबत नाही.

दुकानातच करता येईल अशी परीक्षा सांगतो. बाजूच्या दोन्ही चाकांखाली इंचभर जाडीची फळी ठेवायला लावा. मधलं चाक जमिनीवरच. इंजिन बंद. तुम्ही सीटवर बसा आणि मेकॅनिकला मधलं चाक हाताने फिरवून बघायला सांगा. चाक जमिनीला घट्ट धरून राहिलं तर ठीक. सहज गरगरलं तर ते किट घेऊ नका, कितीही चकचकीत पावडर कोटिंग असो.

दुसरी परीक्षा: ‘मधलं चाक काढून दाखव.’ बऱ्याच स्कूटरमध्ये मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर सोडावा लागतो. आता त्याच्या वाटेत किटचा रॉड आला असेल तर प्रत्येक वेळी टायर बदलायला अख्खं किट उतरवावं लागणार, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्याला हातही लावणार नाही.

जुन्या गाडीबद्दल थोडं. फूटबोर्डचं मॅट उचलून चासीचा पाइप बघा. गंज पापुद्र्यांनी सुटत असेल तर त्या पाइपला जादा चाकांचे हिसके सोसणार नाहीत. वेल्डिंगपेक्षा क्लँप आणि नट-बोल्टचं किट बरं; पाइप वेल्डिंगच्या कडेलाच तडकतो आणि तडा रंगाखाली दिसत नाही. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ स्कूटर असेल तर तिच्यात फ्युएल इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, असतो. कुठेही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरी सोडलीच पाहिजे, नाहीतर ईसीयू उडू शकतो आणि त्याचं बिल किटच्या बिलाशेजारी ठेवून बघावं लागतं.

‘मोठी, रुंद चाकं घेतलीत तर आणखी पक्की.’

रुंद अलॉय दिसायला झकास, हे मान्य. पण बाजूचं चाक मोठं घेतलं आणि अ‍ॅक्सल तेवढाच वर घेतला नाही, तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि मधलं चाक पुन्हा अधांतरी. रुंद रिम बाहेर सरकलेलं असेल तर भार बेअरिंगपासून लांब पडतो. बाजूचं चाक एकाच बाजूने, आखूड अ‍ॅक्सलवर धरलेलं असतं. असा भार लांब गेला की अ‍ॅक्सल वाकतो किंवा बेअरिंग आवाज करायला लागतं. आणखी एक गोष्ट दुचाकीची रिम विकणारे सांगत नाहीत. दुचाकी झुकते म्हणून तिच्या चाकाला आडवा जोर जवळजवळ बसतच नाही. साइड व्हीलला प्रत्येक वळणावर बसतो. म्हणून पत्र्याची दाबीव, जाड डिस्कची रिम इथे अलॉयपेक्षा शहाणी. काही फॅब्रिकेटर, म्हणजे किट बनवणारे कारागीर, रिक्षाची ८ इंची चाकं वापरतात. ती आडवा जोर सोसायलाच बनलेली आहेत. फक्त त्यात रिक्षाएवढी हवा भरू नका; आपलं वजन रिक्षाच्या मानाने काहीच नसतं, टायर दगडासारखा उड्या मारतो.

चाकांमधलं अंतर वाढवलं तर वळणावर गाडी खरंच जास्त स्थिर होते, मेसेजमधलं तेवढं खरं. पण मग सोसायटीच्या लहान गेटमधून, रॅम्पवरून आणि पार्किंगच्या रांगेतून ती जाते का, हे टेप लावून आधी बघा. एक खर्च कुणी मोजत नाही. गाडी झुकत नसल्यामुळे पुढच्या चाकावर आणि हँडलच्या कोन सेटवर, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्यावर, जादा ताण येतो. हँडल मधल्या जागी अडकल्यासारखं वाटू लागलं की कोन सेट गेला समजा.

‘आरटीओची कटकट नाही, लायसन्स तेच.’

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला कायद्याने वाट ठेवली आहे, पण नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने आणि ठरलेल्या अटींत बसून. २०१९ च्या दुरुस्तीने ‘अडॅप्टेड व्हेईकल’ची, म्हणजे दिव्यांगासाठी बनवलेल्या किंवा बदललेल्या गाडीची, व्याख्याही केली. तिच्यात अशी गाडी केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरायची आहे. म्हणजे दुपारी धाकटा भाऊ तीच गाडी पार्सल पोचवायला नेतो, ते त्यात बसत नाही. परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

लायसन्सवरही अडॅप्टेड व्हेईकलचा वेगळा वर्ग असतो. चाचणी आपल्याच गाडीवर द्यायची. ‘अपंगाला पोलीस अडवत नाहीत’ हे मेसेजवाल्यांचं ठेवणीतलं उत्तर. नसतीलही अडवत. नाक्यावरची दया अपघातानंतरच्या पंचनाम्यात मात्र कामाला येत नाही. किट घेताना चाचणी संस्थेचं मान्यतापत्र मागा. अशा चाचण्या करणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था आपल्या पुण्यातच आहेत.

‘इन्शुरन्स तोच चालतो.’

बदल कळवला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. समोरच्याला इजा झाली आणि तुमच्याकडे योग्य लायसन्स नसेल, तर कंपनीने त्याची भरपाई आधी भरून नंतर ती तुमच्याकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देत आली आहेत. गंमत म्हणजे लपवण्यात तोटाच आहे. दिव्यांगांसाठी खास बदललेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट देणारं कलम मोटार विम्याच्या दरपत्रकात जुन्या काळापासून आहे, आयएमटी १२ या क्रमांकाचं. त्यासाठी आरसीवर बदलाची नोंद लागते. म्हणजे ज्या कटकटीतून मेसेज तुम्हाला वाचवतोय, तीच केली असती तर हप्ता कमी झाला असता! नूतनीकरणाच्या वेळी एजंटला नंबर सांगून विचारा, तो आपणहून काढणार नाही.

‘पार्ट कुठेही मिळतात.’

स्कूटरचे मिळतात. किटचे नाही. किटचा अ‍ॅक्सल कुणीतरी लेथवर स्वतःच्या मापाने काढलेला असतो, शॉक कुठल्या तरी मोपेडचा, हब तिसऱ्याच गाडीचा. वर्षभराने बेअरिंग गेलं आणि फॅब्रिकेटरचं दुकान हललेलं असलं की गाडी घरी उभी, आणि गाडी उभी म्हणजे आपणही घरात. म्हणून बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: बेअरिंगचा नंबर, टायरची साइज, शॉक कुठल्या मॉडेलचा आणि बोल्टची जाडी. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, हबचं झाकण बसायच्या आत मोबाइलवर फोटो काढा. दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल एकाच मापाचे आहेत ना, ते बघा. एखादा जादा अ‍ॅक्सल त्याच वेळी करून घेतलात तर उत्तम. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर क्लँपचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, हेही तेव्हाच ठरवून टाका. दुकानदार ‘हे सगळं लिहून कशाला पाहिजे?’ म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.