अस्थी, पत्ते आणि वसुली

“अस्थी कमरेला बांधून हा माणूस इतके दिवस भटकतोय कुठे?”

आईचा हा प्रश्न आला तेव्हा मी पडद्यावर एका राक्षसाच्या पायाखाली होतो. इंदूरला लोकमान्य नगरच्या आमच्या घरात टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये. स्वयंपाकघर, देवघर, गच्चीचा जिना आणि नळाच्या मोटरचं बटण, कुठेही जायचं तर हॉलमधूनच जावं लागतं. त्यामुळे मी व्हिडिओ गेम खेळत नाही, गेमचे प्रयोग लावतो. प्रेक्षकांना तिकीट नाही आणि गप्प बसायची अटही नाही.

गेम होता ‘गॉड ऑफ वॉर’, २०१८ चा. जेल रोडवरून बाराशे रुपयांत सेकंडहँड डिस्क आणली होती. क्रेटोस नावाच्या एका दांडग्या गृहस्थाची बायको वारते. तिची शेवटची इच्छा अशी, की माझी राख सगळ्यात उंच शिखरावरून उधळा. बाप-लेक निघतात. मला विचाराल तर गेमची गोष्ट अशीच असावी, दोन ओळींत सांगून होणारी. बाकीचं हातांना कळलं पाहिजे.

आईला दोन ओळींतच खटकलं. “शिखर कशाला हवंय? नर्मदेत सोडायच्या. ओंकारेश्वरला सकाळी निघालं तर संध्याकाळच्या चहाला माणूस घरी.”

“आई, ते नॉर्वेकडचे आहेत.”

“तिकडे पाणी नाही का?”

पाणी होतं. चांगलं अवाढव्य तळं होतं, आणि क्रेटोस त्यात होडी वल्हवत होता. अस्थी कमरेला तशाच. आईने कपाळावर हात मारला. “पाण्यात उभा आहे मेला आणि सोडत नाहीये!”

मग सुतकाचा विषय निघाला. दहावं नाही, बारावं नाही, आणि हा वाटेत भेटेल त्याला कुऱ्हाडीने फोडतोय. “बापाचं मुंडण झालेलं दिसतंय, तेवढं तरी पाळलंन,” असं एक बरं सर्टिफिकेट क्रेटोसला मिळालं. त्याला टक्कल आधीपासूनच आहे हे मी सांगितलं नाही. मुलाला मात्र तो सारखा ‘बॉय’ म्हणतो, हे आईला शेवटपर्यंत पचलं नाही. “आई गेलीय रे त्याची! नावाने हाक मारायला काय होतं?” या एका वाक्यात आईने गेमच्या पटकथेचं जे परीक्षण केलं, ते मला पंचवीस तास खेळून जमलं असतं की नाही, शंका आहे. कारण गेमचा सगळा जीव तिथेच आहे. तो बाप ‘बॉय’वरून नावावर यायला सगळा डोंगर चढतो.

आणि ती कुऱ्हाड! फेकली की समोर जाऊन रुतते. बटण दाबलं की झाडं-झुडपं कापत परत येते आणि तळहातात ‘थप्’ करून बसते. कंट्रोलर नेमका त्याच क्षणी थरथरतो. पहिल्या दिवशी मी राक्षस सोडून एका झाडावर वीस मिनिटं कुऱ्हाड फेकत आणि बोलावत बसलो होतो. पुतण्या मागे उभा राहून बघत होता. “काका, स्टोरी पुढे गेलीच नाही.” अरे, गेली चुलीत स्टोरी. बाराशेतले आठशे त्या ‘थप्’मध्ये वसूल झाले.

‘वसूल’ हा शब्द घरात जपून वापरावा लागतो. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, आणि शेवटची नऊ वर्षं वसुली विभागात होते. दूध-पेपरच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी माझ्या गेमांचं खातं उघडलं आहे: किंमत भागिले तास. नवा मोठा गेम आता पाच हजारांच्या घरात गेला, तेव्हा त्यांचं म्हणणं सोपं आहे. ज्याचा तासाचा भाव कमी, तो गेम चांगला.

हा हिशोब जुना आहे. लहानपणी त्यांनीच मला टीव्ही गेमची पिवळी कॅसेट आणून दिली होती, नऊशे नव्व्याण्णव खेळांची. एका खेळाला कितीसे पैसे पडले, हे त्यांनी मोठ्या आनंदाने आजीला सांगितलं होतं. त्यात खरे खेळ सहा. सातव्या नंबरपासून तोच मारिओ, फक्त तिसऱ्या लेव्हलपासून सुरू. मी हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. या वयात कशाला?

त्यांच्या वहीत ‘विचर ३’ पहिला आला. २०१५ चा गेम, सेलमध्ये नऊशेला घेतला, दीडशे तास झाले, तासाला सहा रुपये. “बघ, याला म्हणतात खरेदी.” मी गप्प बसलो, कारण त्या दीडशे तासांत मी काय केलं हे आईने पाहिलं होतं. गेराल्ट नावाचा राक्षस मारणारा बुवा आपल्या मानलेल्या मुलीला शोधतोय. मुलीच्या मागे मारेकरी लागलेत. आणि हा गावोगावी खानावळीत बसून ‘ग्वेंट’ नावाचे पत्ते खेळतोय. म्हणजे मी खेळतोय.

“पोरगी सापडली का रे?” आई जाता-येता विचारायची.

“नाही अजून. एक डाव राहिलाय.”

चौथ्या दिवशी तिने विचारणंच सोडलं. मुलीला वाऱ्यावर टाकून पत्ते कुटणाऱ्या माणसाकडे बघतात, तसं माझ्याकडे बघायला लागली. त्या अख्ख्या गेममधलं तिला पटलेलं काम एकच. सुरुवातीच्या गावात एक म्हातारी आपला तवा परत आणून द्या म्हणते. “हे आधी कर,” आई म्हणाली. “तिचा स्वयंपाक खोळंबला असेल.” तवा मिळाला तेव्हा मुलगी सापडल्याइतकं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

आता माझं मत. ‘शंभर तासांचा गेम’ ही जाहिरात ऐकली की मला पंगतीत ऐनवेळी पन्नास माणसं वाढल्यावर आमटीत तांब्याभर पाणी ओतणारा आचारी दिसतो. अशा गेममध्ये पिसं गोळा करा, मनोऱ्यावर चढा, खाली उतरा, पुढचा मनोरा. ‘विचर’ला मी यातून सूट देतो, कारण त्याच्या आमटीत निदान तवेवाल्या म्हाताऱ्या आहेत. बाकी बऱ्याच ठिकाणी नुसतं पाणी. पण बाबांच्या वहीत पाण्याचेही तास धरतात.

पुतण्याचा युक्तिवाद वेगळाच. त्याचा मोबाइलवरचा गेम फुकट, शंभर जण उडी मारतात, शेवटी एक उरतो. गोष्ट नाही, म्हणून कुणी कंटाळत नाही. बाबांनी त्याला शून्य रुपये तास असा वहीत मानाचा पाट दिला. पुढच्या महिन्यात दादाच्या कार्डावर एका कोटाचे आणि एका नाचाचे पैसे लागले. “कुठला कोट? घरात कोट आला कुठे?” बाबा कपाट उघडून बघत होते. कोट गेममधल्या माणसाला होता. पाटावरून उठवलं त्याला.

बाबा खरे फसले ते ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये. २०१८ चाच, दोन डिस्कचा, प्लेस्टेशनवर शंभर जीबीच्या आसपास जागा खाणारा गेम. तो भरायला लागला आणि दोन तास पट्टीच सरकत राहिली. ते दोन तास बाबांनी वहीत धरले नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. १८९९ सालची अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर. एके दिवशी टोळीतला सावकार त्याला उधारी वसूल करायला पाठवतो. बाबा पेपर बाजूला ठेवून पुढे सरकले.

आर्थर एका आजारी शेतकऱ्याला बडवतो. तो शेतकरी त्याच्या तोंडावर खोकतो.

“चुकलं,” बाबा म्हणाले. “वसुलीला गेल्यावर असं अंगावर जायचं नसतं. घरची परिस्थिती बघायची, हप्ते पाडून द्यायचे.”

पुढे कित्येक तासांनी आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, टीबी. बाबांना तो खोकला बरोबर आठवला. “त्याच वसुलीत लागला!” मग जरा वेळाने, “सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं पण.”

“बाबा, १८९९ आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी घोडा जरा जोरात पळवला की मागून आवाज येई, “हळू, त्याला दम लागतोय.” आणि त्या गेमचं वहीतलं पान मी पाहिलं, तर तारखा आहेत, तास आहेत, भागाकार केलेलाच नाही.

‘गॉड ऑफ वॉर’चा शेवट आम्ही एका रविवारी गाठला. मध्ये मी वाल्किरींची, म्हणजे तिकडच्या पंखवाल्या लढवय्या बायांची, राणी सिग्रुन हिच्यापायी चार रात्री घालवल्या. तिला मारलं नाही तरी गोष्ट पूर्ण होते, हे आईला कळल्यावर तिने माझी कीवच केली. एकदा सिग्रुनची ताकद बोटभर उरली होती. माझा हात सुरात लागला होता. तेवढ्यात “नळ आला!” नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, ते सिग्रुनसाठी थांबत नाही. पॉज करून मोटर लावली, टाकी बघितली, परत आलो. बोटांना सूर सापडेपर्यंत तिने मला आडवं केलं होतं.

असो. बाप-लेक शिखरावर पोचले. दोघांनी मिळून राख उधळली. या गेममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेरा कुठे कापलेलाच नाही, त्यामुळे आईला चहा टाकायला उठायची संधीच मिळाली नाही. ती पदराने हात पुसत उभी होती. “सुटली बिचारी,” म्हणाली, आणि लगेच, “मुलगा अकरा-बाराचा दिसतो. मुंज राहिली असेल. पुढचा भाग आहे का?”

“आहे, २०२२ चा. ‘रॅग्नारोक’. पण नवा घेतला तर पाच हजारांच्या आसपास पडेल.”

बाबांनी वही ओढली, चष्मा लावला. पाच हजार भागिले चाळीस तास, सव्वाशे. पेन थांबलं. त्यांनी आईकडे पाहिलं, स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि सव्वाशेखाली आणखी एक रेघ मारून लिहिलं: भागिले तीन.