इंग्लंडात घर भाड्याने देताय? एवढं कराच!

अभिनंदन! लंडनच्या आसपास एखादं शंभर वर्षं जुनं विटांचं घर घेतलंत, आता ते नव्याने आलेल्या आपल्याच मराठी पोरांना भाड्याने द्यायचंय. सोप्पंय.

आधी ईपीसी काढा. म्हणजे घराचं विजेगॅसचं प्रगतिपुस्तक, ए ते जी. पोराने ई आणला तर घरात रडारड होते, इथे ई म्हणजे चक्क पास. २०१८पासून नव्या आणि २०२०पासून जुन्या भाडेकरूलाही त्याखालचं घर द्यायचं नाही, बस. एकदा सर्टिफिकेट काढलं की १० वर्षं बघायला नको. तपासणारा काही भिंत फोडत नाही, कागद नसले की घराच्या वयावरून अंदाज करतो आणि पुढे लिहितो, "गृहीत धरलेले". आमच्या वरच्या खोलीच्या छपरात इन्सुलेशन आहे असं गृहीत धरलंय. थंडीला कुणी कळवलं नाही बहुतेक.

ई पण जमत नाही? ३,५०० पौंडांपर्यंत खर्च दाखवा, तरी नाही जमलं तर सूट नोंदवा, ५ वर्षं निवांत.

दंड ५,००० पौंडांपर्यंत असतो, पण कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस आधी दारात यायला तर हवा!

हीटर सगळ्यात स्वस्त विजेचा बसवा. बिल तुम्हाला थोडंच येतंय.

आता बुरशी. भाडेकरूने फोटो पाठवला की दोन दिवस नुसती ब्लू टिक द्यायची, मग म्हणायचं, हे तुमच्या राहणीमुळे. मला गेल्याच आठवड्यात आलं हे उत्तर. "ताई, कुकर फार लावता तुम्ही, कपडे घरात वाळत घालता, खिडक्या उघड्या ठेवत जा." जानेवारीत! आणि खिडकी कसली, एकेरी काच, लाकूड फुगलेलं, उघडली की परत लागतच नाही, रोज सकाळी काचेवरून ओघळलेलं पाणी मी जुन्या पंच्याने टिपून बादलीत पिळते, कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी आणि लेकीच्या लोकरीच्या टोपीवर हिरवट लव. बिल परवडत नाही म्हटलं तर "स्वेटर घाला". म्हणजे खिडकी उघडी, हीटर बंद, कुकर नको. डाळ काय उन्हात शिजवू? ऊन तरी कुठाय!

भाड्याच्या घराला ईऐवजी किमान सी ग्रेड सक्तीचा करायचं चाललं होतं, त्याची काळजी नकोच. तेव्हाचे पंतप्रधान सुनक, त्यांनी २०२३मध्ये ते रद्द केलं, आता २०३० म्हणतायत. तोवर अजून एखादं सरकार बदलेल.

जाऊ दे, नाही जमत मला हे हसत लिहायला. रॉचडेलला २०२०मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक बुरशीच्या घरात राहून दगावला. सोशल हाउसिंगचं, म्हणजे संस्थेने कमी भाड्याने दिलेलं घर होतं, आणि तिथेही बोट राहणीकडेच दाखवलं होतं. त्याच्या नावाने कायदा झाला तेव्हा तुम्ही पण हळहळलात ना? मंडळाच्या गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत उभे राहता, आणि माझी लेक रात्रभर खोकते ती "राहणी"? लाज वाटू द्या जरा. भाडं १ तारखेला पोचतंय ना, न चुकता? मग खिडक्या बदला. माणूस पाठवा. आणि रंगवाला नको, बुरशीवर पांढरा रंग फासायला गेल्या वर्षी येऊन गेलाय एक.