वॉलमार्टने गोळ्या विकणं बंद केलं? कुठल्या गोळ्या, ते आधी विचारा

"वॉलमार्टने अमेरिकेत बंदुका आणि गोळ्या विकणं पूर्ण बंद केलं. बायडेन सरकारचा दबाव. कपाटं रिकामी, सगळा माल सरकारने उचलला. आता नंबर लोकांच्या घरातल्या बंदुकांचा." अशा अर्थाचा मेसेज आणि खाली रिकाम्या कपाटाचा फोटो, हे अधूनमधून येतच असतं. डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर फिरतं, तिथून पुण्या-नाशकातल्या आईवडिलांपर्यंत पोचतं आणि मग तिकडून फोन येतो, अरे तिकडे सगळं ठीक आहे ना. वैताग हा की यातलं बहुतेक काही शंभर टक्के हवेतलं नाहीये. प्रत्येक वाक्याला थोडंसं खरं चिकटलेलं आहे, फक्त ते वेगवेगळ्या वर्षांतलं आहे आणि एकदा तर चक्क दुसऱ्याच दुकानाचं आहे.

आधी "पूर्ण बंद केलं" हे घेऊ. नाही केलं. जे केलं ते ३ सप्टेंबर २०१९ ला, आणि लपूनछपून नाही, तेव्हाचे सीईओ डग मॅकमिलन यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं आणि कंपनीने तेच जाहीर करून टाकलं. त्याच्या महिनाभर आधी, ३ ऑगस्टला, टेक्ससमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला होता ज्यात शेवटी मृतांचा आकडा २३ वर गेला, आणि त्याच्या चारच दिवस आधी मिसिसिपीतल्या साउथहेवनच्या वॉलमार्टमध्ये दोन कर्मचारी मारले गेले होते. पत्रात विक्रीबद्दलच्या तीन गोष्टी होत्या. पिस्तुलाच्या गोळ्या, शिल्लक माल संपला की परत मागवायच्या नाहीत. .२२३ आणि ५.५६ या रायफलच्या गोळ्या, ज्या शिकारीच्या काही रायफलींना चालतात पण एआर-१५ सारख्या लष्करी धाटणीच्या बंदुकांनाही चालतात, त्यांचंही तेच. आणि अलास्कात पिस्तुलं विकणं बंद, कारण बाकी देशात ती त्यांनी १९९३ मध्येच बंद केली होती, अलास्का तेवढं राहिलं होतं. बस, एवढंच. हरणाच्या शिकारीच्या लांब नळीच्या रायफली, शॉटगन आणि त्यांची काडतुसं हे सगळं चालूच राहिलं. एआर-१५ छापाच्या रायफली तर २०१५ पासूनच तिथे मिळत नव्हत्या.

इथे एक गोंधळ हमखास होतो, तो म्हणजे .२२ आणि .२२३. ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात, गोळीची जाडीही जवळपास सारखीच, पण .२२३ चं काडतूस लांब, त्यात दारू कितीतरी जास्त, आणि गोळीचा वेग साध्या .२२ च्या साधारण अडीच पट. .२२ लाँग रायफल म्हणजे खारी मारायला, नेमबाजी शिकायला पोरं वापरतात ती. बंद झाली ती .२२३, आणि कोणीतरी "अरे मला तर परवाच .२२ चा डबा मिळाला, म्हणजे बंदी उठली" असं टाकतं आणि त्यावर शंभर कमेंटी. बंदी उठली वगैरे काही नाही रे बाबा, ती त्या यादीत नव्हतीच!

पण म्हणून "काहीच झालं नाही, नुसता दिखावा" असं म्हणणारेही चुकतात. वॉलमार्टनेच तेव्हा सांगितलं होतं की अमेरिकेतल्या बंदुकांच्या विक्रीत त्यांचा वाटा जेमतेम २ टक्के, पण गोळ्यांमध्ये सुमारे २० टक्के, आणि या निर्णयाने तो ६ ते ९ टक्क्यांवर येईल. म्हणजे गोळ्यांच्या बाजारातला आपला निम्म्याहून जास्त वाटा त्यांनी स्वतःहून सोडला. दिखाव्यासाठी कोणी एवढा धंदा सोडत नाही.

आता "बायडेन सरकारचा दबाव". २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प होते. विषय इथेच संपायला हवा, पण संपत नाही, कारण आपल्याकडे काडतूस घ्यायचं म्हणजे परवाना, १९५९ चा शस्त्र कायदा, पोलीस, कलेक्टर कचेरी हे सगळं आलंच, त्यामुळे गोळ्यांबाबत काहीही बदललं की ते सरकारनेच केलं असणार असं आपल्याला आपोआप वाटतं. तिकडे तसं नाहीये. केंद्राचा कायदा म्हणतो रायफल-शॉटगनच्या गोळ्यांना वय १८, पिस्तुलाच्या गोळ्यांना २१, आणि गोळ्या घ्यायला केंद्राचा परवाना वगैरे लागत नाही (कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कडक नियम आहेत, तो वेगळा मुद्दा). त्या कायद्याच्या वर दुकानाने आणखी काय विकायचं नाही हे दुकान ठरवतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जणांचा जीव गेल्यावर वॉलमार्टने सगळ्याच बंदुका-गोळ्यांसाठी वय २१ केलं, तेही स्वतःहून. गंमत म्हणजे २०१९ च्या त्याच पत्रात मॅकमिलन म्हणतात की आम्ही व्हाइट हाउसला आणि काँग्रेसच्या नेत्यांना पत्र पाठवतोय, खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासायची पद्धत कडक करा म्हणून. दबाव असलाच तर तो कंपनीकडून सरकारवर होता, फॉरवर्डमध्ये बाण नेमका उलटा काढलाय.

मग फोटो. फोटोवर लोक सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात आणि सगळ्यात जास्त फसवतो तोच. वॉलमार्टमधलं गोळ्यांचं कपाट रिकामं असायला निदान चार वेगवेगळी कारणं होऊन गेलीत. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर आता कायदे कडक होणार या भीतीने लोकांनी इतकी खरेदी केली की जानेवारी २०१३ मध्ये वॉलमार्टला एका गिऱ्हाइकाला दिवसाला तीनच डबे असा नियम लावावा लागला. म्हणजे तेव्हा विकायचं होतं पण माल नव्हता. २०१९ च्या शेवटी उलटं, माल होता तो संपवायचा होता आणि परत भरायचा नव्हता. २०२० मध्ये कोरोना, निवडणूक, रस्त्यावरची आंदोलनं, सगळं एकदम, आणि बंदूक घ्यायला येणाऱ्यांची एफबीआयकडून जी पार्श्वभूमी-तपासणी होते तिचा वर्षाचा आकडा ३ कोटी ९७ लाखांच्या आसपास गेला, तोवरचा विक्रम (तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण झुंबड कळते), त्यात रेमिंग्टन ही जुनी बंदूक-गोळ्यांची कंपनी त्याच जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली, मग माल येणार कुठून.

आणि चौथं कारण, ज्यावरून सगळ्यात जास्त आरडाओरड झाली. ऑक्टोबर २०२० च्या शेवटी, निवडणुकीला आठवडाही उरला नव्हता, फिलाडेल्फियात पोलिसांच्या गोळीने एक माणूस मारला गेल्यावर दंगल उसळली आणि वॉलमार्टने २९ तारखेला सांगितलं की दुकानात मांडलेल्या बंदुका-गोळ्या खबरदारी म्हणून आत ठेवतोय, लुटालुटीत त्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून. लक्ष द्या, आत ठेवतोय, बंद नाही. काउंटरवर मागितलं तर विकत मिळत होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, ३० तारखेला, त्यांनी तोही निर्णय फिरवला. पण पहिल्या दिवसाचे रिकाम्या कपाटांचे फोटो तोवर जगभर गेले होते आणि दुसऱ्या दिवसाची बातमी फॉरवर्ड करायला कोणाला वेळ आहे. एकाच फोटोखाली ही चारही कारणं खपून जातात, कारण रिकाम्या फळीवर वर्ष लिहिलेलं नसतं.

"सरकारने सगळा माल उचलला" हे तर २०१३ चं जुनं लोणचं आहे. तेव्हा अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने १६० कोटी गोळ्या घेतल्या अशी आवई उठली. तो आकडा पाच-पाच वर्षांच्या कंत्राटांमध्ये जास्तीत जास्त किती घेता येतील याची बेरीज करून काढला होता, प्रत्यक्ष खरेदीचा नव्हता. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात २०१३ च्या आर्थिक वर्षातली खरेदी निघाली ८ कोटी ४० लाख, आणि ती आधीच्या पाच वर्षांपेक्षा कमी होती. आता सीमेवरची पोलीस, विमानतळावरचे हत्यारबंद अधिकारी, सीक्रेट सर्व्हिस, सगळे त्याच खात्यात आणि सगळ्यांना सराव करावा लागतो, तर एवढ्या लागतातच.

काही मेसेजमध्ये "आता वॉलमार्टमध्ये बंदूक घेऊन गेलात तर अटक" असंही जोडलेलं असतं. २०१९ मध्ये त्यांनी विनंती केली होती, की ज्या राज्यांत उघडपणे बंदूक लावून फिरायला परवानगी आहे तिथेही कृपया आमच्या दुकानात तसं येऊ नका, पोलीस असाल तर गोष्ट वेगळी. परवाना घेऊन कपड्याखाली बंदूक बाळगणाऱ्यांसाठी काहीही बदललं नव्हतं. क्रोगर, वॉलग्रीन्स, सीव्हीएस यांनीही त्याच आठवड्यात अशीच विनंती केली, पण त्यांच्या नावाने फॉरवर्ड नाही, कारण वॉलमार्ट म्हटलं की लोक जास्त क्लिक करतात असा माझा आपला संशय.

"गिऱ्हाइकं तुटली, कंपनी डबघाईला आली" याला एका ओळीत: जानेवारी २०२० ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टची उलाढाल सुमारे ५२४ अब्ज डॉलर होती, आदल्या वर्षी सुमारे ५१४.

आणि ते "वॉलमार्टने पन्नास लाख डॉलरच्या रायफली तोडून भंगारात घातल्या" वालं. रायफली तोडल्या हे खरं आहे, साधारण तेवढ्याच किमतीच्या, पण त्या डिक्स स्पोर्टिंग गुड्स या खेळाच्या सामानाच्या दुकानाने, आणि त्यांचे तेव्हाचे सीईओ एड स्टॅक यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये टीव्हीवर स्वतः तसं सांगितलंय.